सृष्टिकथेचे प्रामाण्य: ‘ख्रिस्तपुराण’, ‘उत्पत्ति’ आणि मावळचा पाषाण

१

बायबलमधील सृष्टिकथा आणि आधुनिक विज्ञान यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मराठी अभ्यासकांना बहुधा परका वाटतो. डार्विन आणि त्याचे प्रतिपक्षी यांच्यात इंग्लंडात जो वाद झाला त्याचा दूरवरून ऐकू आलेला पडसाद, एवढेच त्याचे स्वरूप मानले जाते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. बायबलमधील सृष्टिकथा मराठी ओवीत १६१६ साली छापली गेली. त्या कथेच्या अक्षरार्थाला ज्या पुराव्याने धक्का दिला त्यातील एक महत्त्वाचा भाग सह्याद्रीच्या खडकांत आणि नागपूरच्या परिसरातील थरांत आहे, आणि तो उजेडात आणणाऱ्यांत एक ख्रिस्ती मिशनरी अग्रभागी होता. शिवाय धर्मग्रंथातील विधाने विज्ञानाच्या कसोटीला लावावीत की नाहीत, याविषयीचा वाद मुंबईत डार्विनच्या ग्रंथाच्या पुष्कळ आधी, १८३० नंतरच्या दशकात मराठीतच रंगला होता. कथा, पुरावा आणि वाद ही तिन्ही अंगे येथील असता त्यांचा विचार मात्र उसन्या परिभाषेत व्हावा, हे इष्ट नाही.

या तिन्ही अंगांना एकत्र आणणारा प्रश्न प्रामाण्याचा आहे. सृष्टिकथा कशाविषयी प्रमाण आहे आणि कशाविषयी नाही? हा निर्णय ज्या मापाने करावयाचा ते माप आपल्या ग्रंथाला एक आणि परक्याच्या ग्रंथाला दुसरे असे असू शकेल काय? या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून समन्वयाचा कोणताही प्रयत्न टिकाऊ होत नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम पाषाणाची साक्ष पाहू जाता मावळ हा प्रदेश विशेष सोयीचा आहे. वडगाव हे मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण. तेथून पश्चिमेकडे कामशेत, मळवली, लोणावळा आणि खंडाळा या क्रमाने सह्याद्रीचा कडा जवळ येत जातो. कार्ल्याचे सुमारे १२४ फूट लांबीचे चैत्यगृह इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास ज्या अखंड कातळात कोरले गेले तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. भाजे आणि बेडसे येथील लेणीही याच जातीच्या पाषाणात आहेत. दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. भूवैज्ञानिकांनी त्याच्या थरांची जी वर्गवारी केली तिच्यातील मधल्या उपगटाला ‘लोणावळा उपगट’ असे नाव आहे आणि त्याच्या एका शाखेस खंडाळ्याचे नाव देण्यात आले आहे.

बोरघाटातून आगगाडीचा मार्ग १८६३ साली खुला झाला. डोंगर फोडून काढलेल्या अशा वाटांवर एक गोष्ट साध्या डोळ्यांनाही दिसते. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा आहे. हा पट्टा म्हणजे कालाची नोंद होय. एक लाव्हाप्रवाह थिजला, त्याचा पृष्ठभाग किंवा त्यावर पडलेली राख ऊनपावसाने झिजून माती झाली आणि त्यानंतर पुढचा प्रवाह तिच्यावरून वाहत गेला. माती होण्यास जो अवधी लागतो तो एका दिवसात बसत नाही. २०१५ साली अशा तांबड्या पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉनच्या सूक्ष्म कणांवरून कालगणना प्रसिद्ध झाली. त्या गणनेने आणि लाव्हाच्या स्वतंत्र कालमापनाने या थरांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे ठरते, आणि त्यांतील बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आसपासच्या अवधीत साचला असे दिसते. पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय लक्षात घेता मावळचा डोंगर तरुणच म्हटला पाहिजे. तरीही बायबलमधील वंशावळींची बेरीज करून जे आकडे मांडले गेले, म्हणजे आर्चबिशप अशर याने १६५० साली काढलेले ख्रिस्तपूर्व ४००४ हे वर्ष अथवा रोमच्या हुतात्मापंजीतील ५१९९ वर्षांचे अंतर, त्यांत हा तरुण डोंगरसुद्धा मावत नाही.

लाव्हाच्या थरांमध्ये केवळ मातीच नाही, जीवसृष्टीही गाडली गेली आहे, हे सविस्तर दाखविण्याचे श्रेय नागपूर येथील स्कॉटिश फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच्याकडे जाते. तो १८४५ साली नागपुरास आला. त्याने काढलेल्या शाळेतूनच पुढे हिस्लॉप महाविद्यालय उदयास आले. त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने टाकळी व आसपासच्या परिसरात, लाव्हाथरांच्या सांध्यातील गाळात, गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष शोधले आणि १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात त्यांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. ज्या तळ्यांत हे जीव राहिले, वाढले आणि मेले ती तळी पुढे आगीच्या पुराखाली गेली, असा या शोधाचा अर्थ होता. १८६३ साली टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावला. त्याच्या कार्यात प्रवचन आणि शंखशोधन ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालली. या शेजाराचा तात्त्विक हिशेब मात्र शिल्लक राहिला.

३

हिस्लॉप ज्या चर्चचा सेवक होता त्या चर्चनेच एकोणिसाव्या शतकातील समन्वयाचे दोन प्रमुख पुरस्कर्ते दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८४३ साली स्थापन झालेल्या फ्री चर्चचा पहिला अध्यक्ष टॉमस चामर्स याने त्यापूर्वीच ‘खंडकाला’चा सिद्धांत मांडला होता. उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मध्ये अगणित काळ लोटला, भूवैज्ञानिकांचे सारे थर त्या अवधीत घातले म्हणजे झाले, आणि त्यानंतरचे सहा दिवस हे उद्ध्वस्त पृथ्वीच्या पुनर्रचनेचे सहा दिवस होत, असा त्याचा आशय. याच चर्चमधील ह्यू मिलर हा दगडफोड्या कारागीर, पत्रकार आणि भूवैज्ञानिक. त्याने दुसरा मार्ग धरला. १८५७ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सृष्टीचा प्रत्येक दिवस म्हणजे एक दीर्घ युग होय असे प्रतिपादन आहे. इब्री भाषेतील ‘योम’ हा शब्द एका दिवसाचाही वाचक आहे आणि अनिश्चित कालाचाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तोच शब्द संपूर्ण सृष्टिकालाला लावलेला आहे. या भाषिक आधारावर युगदिवसांची इमारत उभी आहे.

दोन्ही प्रयत्न प्रामाणिक होते, यात शंका नाही. पाषाणाची साक्ष खोटी ठरविण्याचा मोह त्यांनी टाळला, हा त्यांचा मोठा गुण. तथापि दोहोंतही एक मूलभूत दोष राहतो. खंडकालाच्या सिद्धांताला जुनी सृष्टी आणि नवी सृष्टी यांच्यात पूर्ण तुटलेपण हवे असते. ते तुटलेपण खडकांत आढळत नाही. टाकळीच्या गाळातील शंखांचे आप्त आजच्या तळ्यांत जिवंत आहेत. लाव्हा थिजल्यानंतर सह्याद्रीची झीज सुरू झाली, तीतून इंद्रायणीसारख्या नद्यांची खोरी घडली, आणि ती झीज आजही चालू आहे. पुनर्रचनेच्या सहा दिवसांसाठी या अखंड प्रक्रियेत कोठेही जागा सापडत नाही.

युगदिवसांची अडचण निराळी आहे. दिवस लांबवता येतो, परंतु दिवसांचा क्रम बदलता येत नाही. कथेत फळझाडे तिसऱ्या दिवशी येतात, सूर्य चौथ्या दिवशी येतो, जलचर व पक्षी पाचव्या दिवशी आणि भूचर सहाव्या दिवशी येतात. खडकांत समुद्रातील प्राणी फळझाडांच्या फार आधीचे आहेत आणि भूचर सरीसृप पक्ष्यांच्या आधीचे आहेत. सूर्य चौथ्या दिवशी उत्पन्न झाला नसून धुके विरल्यामुळे दिसू लागला, असा खुलासा या पक्षाच्या काही लेखकांनी केला. परंतु मग मूळ वचनात निर्मितीचे क्रियापद का आहे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. शब्दाला दीर्घकालाची मुभा द्यावयाची आणि वाक्याला मात्र वृत्तांताचे बंधन घालावयाचे, अशी ही पद्धती आहे. ग्रंथाचा अर्थ तिच्यामुळे ग्रंथाच्या हाती उरत नाही. विज्ञानाचा प्रत्येक नवा निष्कर्ष येईल तसा तो बदलावा लागतो.

४

या पद्धतीचा दुसरा दोष तिच्या इतिहासात आहे. तो मुंबई इलाख्यातील वादांवरून स्पष्ट होतो. जॉन विल्सन हा मिशनरी १८२९ साली मुंबईत आला. मोरभट दांडेकर यांच्याशी त्याचा जाहीर वाद झाला. दांडेकरांच्या ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकाला विल्सनने १८३२ साली खंडनग्रंथाने उत्तर दिले. त्या काळच्या मिशनरी खंडनवाङ्मयात पुराणांतील भूगोल आणि खगोल यांवरील हल्ला हा ठरलेला भाग असे. सप्तद्वीपे कोठे आहेत, क्षीरसमुद्र कोणत्या खलाशाने पाहिला, मेरु पर्वत कोणत्या नकाशात आहे, असे प्रश्न विचारले जात, आणि ज्या ग्रंथात अशी विधाने आहेत तो ईश्वरप्रणीत असू शकत नाही असा निष्कर्ष काढला जाई. विज्ञान हे या वादातील आवडते शस्त्र होते. शस्त्राला मालक नसतो, हे पुढे भूविज्ञानाने दाखवून दिले. मेरूला जो प्रश्न विचारला तोच सहा दिवसांना विचारला जाऊ लागला, तेव्हा ‘हे वचन निराळ्या अर्थाने घ्यावे’ असे उत्तर येऊ लागले. ते उत्तर योग्य असेलही. परंतु मग तीच सवलत मेरूलाही द्यावी लागते. सवलत द्यावयाची नसेल तर स्वतःही घेता येत नाही.

याच काळात एका मराठी शास्त्र्याने अधिक समतोल मार्ग दाखविला होता. माळव्यातील सिहोर येथे लँसलॉट विल्किन्सन याच्या सहवासात असलेल्या सुबाजी बापू यांनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. आकाशस्थ ग्रहांच्या गतीविषयी ज्योतिषसिद्धांत प्रमाण मानावेत, पुराणांतील वर्णने त्या विषयात प्रमाण मानू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. पुराणांचा हा त्याग नव्हता. पुराणांचा विषय कोणता आणि सिद्धांताचा विषय कोणता, याची ती वाटणी होती. पुढे १८३९ साली ‘सोमनाथ’ या नावाने मिशनरी मताचे खंडन करणारी ‘मतपरीक्षाशिक्षा’ लिहिणारा तोच शास्त्री होता, असे संशोधकांनी दाखविले आहे. ज्योतिषात नवे ज्ञान स्वीकारणारा पंडित स्वधर्म सोडीत नाही, ही गोष्ट त्या काळच्या वादींना विसंगत वाटली असेल. प्रमाणांच्या विषयविभागाच्या दृष्टीने तीत कोणतीही विसंगती नाही.

या वाटणीचा विसर केवळ ख्रिस्ती पक्षालाच पडला असे मात्र नाही. पुण्याचे नारायण भवानराव पावगी यांनी १९१२ साली वैदिक ऋषींना भूविज्ञानाचे जनक ठरविणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. कल्पाची ४३२ कोटी वर्षे आणि पृथ्वीचे ४५४ कोटी वर्षांचे वय यांतील जवळीक दाखविणारे लेखक पुढेही झाले. दशावतारांत उत्क्रांतीचा क्रम पाहणारेही पुष्कळ आहेत. परंतु कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. त्याच्या पाठोपाठ तेवढीच रात्र येते, तीत लय होतो, आणि पुन्हा पहाट उगवते. या संपूर्ण व्यवस्थेतून एकच सोयीचा आकडा उचलून बाकीची बाजूस सारणे ही मिलरच्या पद्धतीचीच दुसरी आवृत्ती होय. ग्रंथाला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र मिळवून देण्याच्या या खटपटीत गौरव विज्ञानाचा होतो. ग्रंथ दुय्यम ठरतो.

५

अशा स्थितीत दोन्ही पक्षांना मान्य होईल असे माप कोठून आणावे? या प्रश्नाला येथील शास्त्रपरंपरेत तयार उत्तर आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांचा विचार करताना वर्णनपर वाक्यांना ‘अर्थवाद’ म्हटले आणि त्याचे तीन भेद केले. जे वाक्य दुसऱ्या प्रमाणाशी विरुद्ध जाते, जसे यज्ञस्तंभाला सूर्य म्हणणे, तो गुणवाद. त्याचा अर्थ लक्षणेने घ्यावयाचा. जे दुसऱ्या प्रमाणाने आधीच ज्ञात आहे, जसे अग्नीने थंडी जाते, तो अनुवाद. ज्याला दुसऱ्या प्रमाणाचा विरोधही नाही आणि पुष्टीही नाही, तो भूतार्थवाद. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही सहा लक्षणे सांगितली जातात. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त, १९१५ साली, गीतेच्या तात्पर्यनिर्णयासाठी याच कसोटीचा आश्रय घेतला, हे मराठी अभ्यासकांना सुपरिचित आहे.

ही कसोटी उत्पत्तीच्या पहिल्या सृष्टिकथेला लावून पाहण्याजोगी आहे. कथेचा उपक्रम ईश्वराच्या निर्मितीने होतो आणि उपसंहार सातव्या दिवसाच्या विश्रांतीने होतो. अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती, दोन प्रकारची आहे. निर्मिती चांगली असल्याचा निर्वाळा सात वेळा येतो आणि संध्याकाळ-सकाळ यांची ओळ सहा वेळा येते. दुसऱ्या पुनरुक्तीच्या आधारे अक्षरार्थवादी दिवसांचे चोवीस तास सिद्ध करू पाहतो. परंतु सातव्या दिवसाला ती ओळ नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दिवस कालमापनासाठी आले असते तर सातवाही इतरांप्रमाणेच मावळला असता. शिवाय पहिले तीन दिवस प्रकाश, आकाश-जल आणि भूमी ही स्थाने सिद्ध करतात, व पुढील तीन दिवस त्याच क्रमाने त्या स्थानांतील रहिवासी आणतात. ही रचना आठवड्याच्या आकृतीत बसविलेली आहे आणि तिचे फल शब्बाथाची विश्रांती हे आहे. दास, परका आणि जनावर यांनाही त्या विश्रांतीचा हक्क इस्राएली धर्मशास्त्राने पुढे दिला. कथेचे फल सामाजिक आणि उपासनात्मक आहे.

अपूर्वतेचा विचार केला असता हाच निष्कर्ष दृढ होतो. निनवे येथील ग्रंथालयात मिळालेल्या इष्टिकालेखांतून बाबिलोनी सृष्टिकाव्य १८७६ साली जॉर्ज स्मिथने वाचकांपुढे ठेवले. त्यात सृष्टी देवांच्या युद्धातून जन्मास येते. उत्पत्तीत युद्ध नाही. सूर्य आणि चंद्र यांची तर नावेही घेतलेली नाहीत. शेजारची राष्ट्रे ज्यांची पूजा करीत ते येथे मोठा दिवा आणि लहान दिवा होऊन राहतात. सृष्टीतील कोणतीही वस्तू देव नाही आणि सृष्टी मुळात वाईट नाही, हे या कथेचे अपूर्व विधान होय. ते दुर्बिणीने सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही.

अंतर्गत पुरावाही हेच सांगतो. पहिल्या कथेला लागूनच दुसरी सृष्टिकथा येते आणि तीत क्रम वेगळा आहे. तेथे मनुष्य आधी घडतो, मग उपवन आणि पशुपक्षी येतात. ज्या संकलकाने या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवल्या त्याला क्रमाची विसंगती दिसली नसेल, असे मानणे कठीण आहे. तिचे त्याला ओझे वाटले नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. विष्णुपुराणादी ग्रंथांत नाना प्रकारचे सर्ग एकत्र नांदतात आणि श्रोत्याला त्याची अडचण वाटत नाही. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या मनाला संकलकाची ही वृत्ती सहज उमगते. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यानेही सूर्याच्या आधीचे दिवस हे सूर्याने मोजलेले दिवस असू शकत नाहीत हे ओळखले होते, आणि सृष्टीविषयी अज्ञानाने बोलून धर्मग्रंथाला हास्यास्पद करू नये असा इशारा ख्रिस्ती जनांना दिला होता. विज्ञानाच्या भीतीने मागाहून शोधलेली ही पळवाट आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

६

या पार्श्वभूमीवर फादर टॉमस स्टीफन्स याच्या ‘ख्रिस्तपुराणा’कडे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व नव्याने जाणवते. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली निवर्तला. त्याचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्याच वर्षी मार्च महिन्यात रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर निर्बंध घालणारा हुकूम निघाला. एकीकडे धर्मग्रंथातील सूर्याविषयीची वाक्ये खगोलशास्त्राची विधाने म्हणून वाचली जात होती, आणि दुसरीकडे साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी तोच धर्मग्रंथ पुराणाच्या रूपात अवतरत होता. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

स्टीफन्सने पुराण हे नाव केवळ आवरण म्हणून घेतले असे म्हणता येत नाही. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित ही पुराणाची पाच लक्षणे होत. ‘पैल्या पुराणा’त सृष्टी आहे, जलप्रलय आणि त्यानंतरचा नवा आरंभ आहे, आदामापासूनचे वंश आहेत, कुलपती आणि राजे यांची चरित्रे आहेत. चार लक्षणे अशी जुळतात. पाचवे, मन्वंतर, तेवढे नाही. या एका अभावात दोन परंपरांचा खरा भेद साठविलेला आहे. मन्वंतराला स्थान देणे म्हणजे काल चक्राकार फिरतो असे मानणे. स्टीफन्सच्या कथेत काल एकदाच आरंभ पावतो आणि ‘दुसऱ्या पुराणा’तील ख्रिस्तजन्माकडे सरळ वाहत जातो. सृष्टिकथा तेथे प्रस्तावनेच्या जागी आहे. तिचा अर्थ तिच्या पुढे येणाऱ्या तारणकथेने ठरतो. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याइतके धाडस करणाऱ्या कवीने कालाच्या आकृतीत मात्र तडजोड केली नाही. काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, याचा हा विवेक शब्दकोशाच्या पलीकडचा आहे.

या गुणगौरवाबरोबर दोन मर्यादा नोंदविल्या पाहिजेत. स्टीफन्स स्वतः आदाम आणि एवा यांना ऐतिहासिक व्यक्ती मानीत असणार. त्याच्या काळच्या शिकवणुकीत दुसरा पर्याय नव्हता. वाङ्मयप्रकाराचा आधुनिक सिद्धांत त्याच्या माथी मारणे हा कालविपर्यास होईल. त्याने सिद्धांत मांडला नाही. त्याने प्रकार निवडला, आणि त्या निवडीने त्याच्या हेतूपेक्षा अधिक काम केले. दुसरी मर्यादा नैतिक आहे. ज्या श्रोत्यांसाठी हे पुराण रचले गेले त्यांची जुनी पुराणे पोर्तुगीज सत्तेने हिरावून घेतलेली होती. ग्रंथाच्या आरंभी श्रोते जी मागणी करतात ती त्या रिकाम्या जागेतून आलेली आहे. एका पुराणाला मान आणि दुसऱ्याला बंदी, हेही दुहेरी मापच. ओवीचे सौंदर्य त्या मापाला झाकू शकत नाही.

७

वाङ्मयप्रकाराचा हा विचार पुढे चर्चच्या अधिकृत भूमिकेतही आला. १९४३ सालच्या पोपच्या परिपत्रकाने बायबलच्या अभ्यासकांना प्राचीन लेखनप्रकार लक्षात घेण्यास सांगितले, १९५० सालच्या परिपत्रकाने मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधनास वाव दिला, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वाङ्मयप्रकारांचा निर्देश पुन्हा केला, आणि १९९६ साली दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतिवाद हा केवळ एक तर्क राहिलेला नाही असे मान्य केले. तेव्हा प्रश्न मिटला असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तो पूर्णपणे मिटत नाही.

टाकळीचे शंख येथे पुन्हा समोर येतात. ते मेलेल्या जीवांचे शंख आहेत, आणि ते मनुष्याच्या कोट्यवधी वर्षे आधी मेले. संत पौलाच्या रोमकरांस पत्रात मृत्यू एका मनुष्याच्या पापाने जगात आला असे सांगितले आहे. त्या वचनातील मृत्यू केवळ मनुष्याचा, किंवा देहाचा नसून आत्म्याचा, असा खुलासा केला जातो, आणि तो टाकाऊ नाही. तथापि वेदना, भक्ष्य-भक्षक आणि विनाश ही सृष्टीच्या घडणीतच आहेत असे पाषाण सांगत असेल, तर निर्मितीच्या चांगलेपणाचा सात वेळा दिलेला निर्वाळा काय अर्थाने घ्यावयाचा, हा प्रश्न उरतोच. त्याचप्रमाणे आजच्या मानवजातीतील जनुकीय वैविध्य पाहता ती काही हजार वर्षांपूर्वीच्या एकाच जोडप्यापासून विस्तारली असे मानता येत नाही. १९५० सालच्या परिपत्रकाने देहाच्या उत्क्रांतीला वाव दिला, पण अनेक मूळ पुरुषांच्या कल्पनेबाबत हात आखडता घेतला. याचे कारण येथेच आहे. मूळ पापाची शिकवण त्या एका मनुष्याशी बांधलेली आहे.

मीमांसेच्या भाषेत सांगावयाचे तर सहा दिवसांचा क्रम हा गुणवाद म्हणून निःशंकपणे घेता येतो, कारण तेथे प्रत्यक्ष आणि अनुमान या प्रमाणांचा विरोध स्पष्ट आहे. सृष्टी ईश्वराधीन आहे हे विधान अपूर्व आहे. त्याला विज्ञानाची पुष्टी नाही, विरोधही नाही. आदाम आणि मृत्यू यांची कथा मात्र या दोहोंच्या मध्ये आहे. ती पूर्णपणे गुणवाद मानावी तर शिकवणीचा आधार हलतो, आणि भूतार्थवाद मानावी तर पाषाण आड येतो. येथे कसोटी निर्णय देत नाही. ती प्रश्नाची नेमकी जागा दाखविते. अशी जागा दिसणे हाही समीक्षेचा लाभच होय.

८

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी यातून काही निष्पन्न होते. ‘ख्रिस्तपुराणा’चा अभ्यास आजवर मुख्यतः भाषा, ओवी आणि मराठीचा गौरव या अंगांनी झाला. जे. एल. सालढाणा यांच्या १९०७ सालच्या मंगळूर आवृत्तीनंतर शांताराम बंडेलू यांची १९५६ सालची आणि कारिदाद द्राग यांची १९९६ सालची अशा देवनागरी आवृत्त्या निघाल्याने ग्रंथ सुलभही झाला आहे. आता त्याची सृष्टिकथा एकोणिसाव्या शतकातील खंडनमंडनाच्या वाङ्मयाशेजारी ठेवून वाचली पाहिजे, आणि ते वाङ्मयही दोन्ही पक्षांना एकच माप लावून वाचले पाहिजे. विल्सनच्या मेरुखंडनाला जो न्याय, तोच मिलरच्या युगदिवसांना आणि तोच पावगींच्या वैदिक भूविज्ञानाला.

समन्वय या शब्दाचा अर्थ दोन साक्षीदारांकडून एकच जबानी वदवून घेणे असा केला तर तो प्रयत्न फसतो. घाटातील तांबडा पट्टा कालाविषयी बोलतो आणि त्याविषयी त्याचेच ऐकले पाहिजे. उत्पत्तीची कथा कालाविषयी बोलत नाही. जग कोणाचे आहे आणि त्यात मनुष्याने विश्रांती कोणाला नाकारू नये, याविषयी ती बोलते. कार्ल्याच्या चैत्यगृहात प्रदक्षिणा घालणाऱ्या भिक्षूंना तो कातळ कसा झाला हे ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे त्यांच्या उपासनेत उणेपण आले नाही. परंतु आज ते ठाऊक झाल्यावर, ठाऊक नसल्याचे सोंग घेऊन केलेली उपासना मात्र उणीच ठरेल. श्रद्धेला अज्ञानाची गरज नाही, एवढे जरी मावळच्या पाषाणाकडून शिकता आले तरी पुष्कळ झाले.